शनिवारचं लोखंड

खाप्याच्या बाहेर, कन्हान नदीच्या अंगाला एक लग्नाचा लॉन आहे. लग्न नसलं की तिथे एरवी कुत्री लोळतात. पण यंदा दर शनिवारी सकाळी तिथे वरातीलाही नसते एवढी गर्दी होऊ लागली. सावनेरहून ऑटो भरून येत, नागपूरहून गाड्या येत. वॉकरवाले, काठीवाले, दोघांच्या खांद्यावर लोंबकळत आलेले. सगळे झाडून गुडघ्यांचे पेशंट. मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, समोर उंच आसन, आणि आसनावर कडक इस्त्रीचा कुर्ता घालून, कानाला माइक अडकवून बसलेले भैय्याजी. जटा नाही, भगवं नाही. हल्लीचे बुवा असे बँकेतल्या साहेबासारखे दिसतात, म्हणून जास्त खपतात.

“कोणत्या वारी झालं ऑपरेशन, माताराम?”

समोरच्या खुर्चीवर माझी आई होती, रुखमाबाई.  उत्तर माझ्या बाबांनी दिलं, मान खाली घालून. “शनिवारी, भैय्याजी.”

मंडपभर ‘अरे बापा!’ झालं.

“शनिवार! सुनो भाई, सुनो! शनिवारी आपण घरात खिळा आणतो का? नाही! तवा आणतो का? नाही! आणि डॉक्टरनं या मातारामच्या अंगात शनिवारी किलोभर लोखंड भरून दिलं! मग शनिमहाराज काय फाटकाबाहेर उभे राहतील? डायरेक्ट गुडघ्यात येऊन बसले नं! आता लोखंड गंजून राहिलं. गंज रक्तात जाऊन राहिला. डॉक्टर म्हणते गोळ्या खा. अरे, गंजलेल्या सायकलीले क्रोसिन देऊन होते का?”

लोक खदखदा हसले. मी दुसऱ्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. मी मिनल, नागपुरात सक्करदऱ्याला राहते आणि ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बाबांनी फोनवर “येऊन तर पाह्य एकदा” म्हटलं म्हणून आले होते.

एका सेवेकऱ्याने आईच्या हातात द्रोण दिला. त्यात हळदीचा पिवळा लेप. तो आईने मांडीवर अंथरलेल्या चादरीखाली स्वतःच गुडघ्यावर थापला. मग भैय्याजींनी आमच्याच घरून आणलेला कोरा पांढरा कपडा सगळ्यांना उलटसुलट करून दाखवला, ‘कन्हानमाईच्या अभिमंत्रित पाण्या’च्या बादलीत बुडवला आणि चादरीखालीच आईच्या गुडघ्यावर अंथरला. मंडपाने मंत्राचा गजर सुरू केला. गजर संपला, कपडा उचलला, आणि तो शाईत बुडवल्यासारखा काळाकुट्ट झालेला होता.

“हा पाहा गंज! निघाला! निघाला!”

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाबांनी आसनापुढे लोटांगण घातलं. माझं लक्ष मात्र कपड्याच्या कडेला होतं. तिथे काळ्याच्या पलीकडे एक ओला, पिवळट डाग होता, हळदीचा नव्हे, पुवाचा. भैय्याजींनी कपड्याची घडी घालताना तो डाग बरोबर आत घेतला. 

आईचा गुडघा दोन वर्षांपूर्वी नागपुरात बदलला होता. झिजलेला काढून नवा बसवला. पहिली दीड वर्षं ती वावरातसुद्धा जाऊन आली. मग गुडघा गरम लागू लागला. सुजला. नुसतं पडून राहिलं तरी ठणकायचा. पुढे टाक्याच्या वणापाशी एक पुटकुळी आली, फुटली, आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळू लागलं. मी म्हणत होते, डॉक्टरांकडे चल. आई म्हणत होती, कापूस वेचून होऊ दे. तेवढ्यात हे भैय्याजी उगवले.

आणि बाबांचं सांगू का? बाबांच्या मनात तो वार आधीपासून रुतून बसला होता. ऑपरेशनच्या वेळी ते म्हणालेच होते, शनिवार नको. मोठ्या डॉक्टरांना तोच वार मोकळा होता म्हणून गप्प बसले. गुडघा बिघडल्यापासून हा माणूस आतल्या आत स्वतःला खात होता. भैय्याजीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. खरं तर भैय्याजी येणाऱ्या प्रत्येकाला वार विचारायचा. गुरुवार निघाला तर गुरूचा कोप, मंगळवार निघाला तर मंगळाचा. शनिवार निघाला की मात्र त्याची कळी खुलायची.

निघताना प्रत्येकाला अंगाऱ्याच्या पुड्या मिळायच्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, दुधात.

आता पुढची गोष्ट ऐका, कारण इथे मीही चक्रावले. आईला बरं वाटू लागलं! ठणका गेला. सूज उतरली. वणापाशी गळणारं ते छिद्र बुजलं. ती काठी टाकून नदीपर्यंत चालत गेली. दर शनिवारी कपडा कमी कमी काळा निघू लागला, आणि एका शनिवारी नुसता हळदीचा पिवळा निघाला. ‘लोखंड शुद्ध झालं!’ भूकही अशी लागायची की विचारू नका. गाल वर आले. शेजारच्या रंभाबाई म्हणाल्या, “रुखमाबाई, तुमचं तर तोंडच भरलं वं! पोर्णिमेच्या चंद्रावानी दिसून राहिल्या.”

ते तोंड पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटत होती.

शेवटी ‘माझ्या समाधानासाठी’ म्हणून मी आईला नागपुरात डॉ. दीप्तींकडे पाठवलं. कृत्रिम सांधे बिघडले की निस्तरायचं काम त्या करतात. माझी परीक्षेची ड्यूटी होती म्हणून बाबा घेऊन गेले. डॉक्टरांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं आणि तपासणीला पाठवलं. दोन आठवडे त्यात जंतू वाढतात का ते बघत ठेवलं. उत्तर आलं, जंतू वाढले नाहीत.

झालं! बाबांनी तो कागद भैय्याजींच्या पायावर ठेवला. पुढच्या शनिवारी लॉनच्या फाटकावर आईच्या फोटोचा मोठा फ्लेक्स: ‘नागपूरच्या लॅबनेही मानला चमत्कार!’ गर्दी दुप्पट झाली. आमच्या गल्लीतले चंपतराव, ज्यांच्या गुडघ्यातून उघड उघड पू वाहत होता आणि ज्यांना मुलगा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती करणार होता, ते तो फ्लेक्स पाहून थांबले. मुलाला म्हणाले, रुखमाबाईचं झालं तर माहं काहून नाही होणार? बाबा आता सेवेकरी झाले होते. तीर्थाची बादली धरायचा मान त्यांचा.

डॉ. दीप्तींनी मात्र मला फोन केला. “रिपोर्ट दाखवायला कोणीच आलं नाही. आईला घेऊन या. आजच.”

त्यांनी आईचा गुडघा दाबून पाहिला, पण त्याहून जास्त वेळ त्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

“चेहरा कधीपासून सुजलाय?”

“सुजला नाही जी, भरला,” आई लाजून म्हणाली.

“मागच्या वेळी मी विचारलं होतं, कोणती गोळी, कोणतं औषध चालू आहे का. तुम्ही नाही म्हणालात.”

“नाहीच चालू.”

“काहीच खात नाही? काढा, भस्म, पुडी?”

“पुडी खाते. पण ते औषध नाही नं, डॉक्टरीणबाई. तो अंगारा हाये.”

 माझी आई खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे कोणीही हेच उत्तर दिलं असतं. औषध दुकानातून येतं, अंगारा देवाकडून येतो. औषधाबद्दल विचारलं तर अंगाऱ्याचं कोण सांगेल?

आईच्या पिशवीत पुडी होती. मी बोट लावून चाखली. कडूजहर! आयुष्यात मी पुष्कळ राख चाखली आहे, आईनेच लहानपणी चाटवली आहे. राख खारट लागते, तोंड कोरडं करते. कडू लागत नाही.

“मला वाटतं ते यात असेल,” डॉक्टर म्हणाल्या, “तर एक स्टेरॉइड आहे. दुखणं, सूज, ताप सगळं दाबून टाकतं, भूक लावतं, चेहरा असा फुगवतं, आणि शरीराची जंतूंशी लढायची ताकदही मारतं. आणि सोबत थोडं जंतुनाशक औषध, म्हणजे अँटिबायोटिक. त्याने पाण्यात तरंगणारे जंतू तात्पुरते मरतात किंवा दबतात. म्हणून तपासणीत काही उगवलं नाही. पण त्याच पाण्यात पांढऱ्या पेशी इतक्या होत्या की गुडघा आतून पेटलेला आहे हे मला दिसतंय. जंतू गेलेले नाहीत. ते धातूला चिकटून बसलेत. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर चढतो ना, तसा थर करून. धातूला रक्त नाही, तिथे गोळी पोचत नाही. थराखाली ते हाड खातायत.”

“मग आता?” मी विचारलं. 

“पुडी बंद. पण एकदम नाही. स्टेरॉइड अचानक तोडलं तर माणूस कोसळतो. ते मी माझ्या गोळ्यांनी हळूहळू उतरवीन. जंतुनाशक मात्र निदान दोन आठवडे पोटात जाता कामा नये. मग पुन्हा पाणी काढायचं. कोणता जंतू आहे ते कळलं तरच त्याला कोणतं औषध चालतं ते कळेल. उशीर झाला तर पाय जाईल. विष रक्तात उतरलं तर माणूसही जातो.”

हे सगळं मी घरी सांगितलं. बाबा उसळले.

“ते डॉक्टरीण सोताच्याच रिपोर्टले खोटं म्हणून राहिली! अन् तू तिचं आयकतं? म्या डोयानं काळा गंज पायला, मिनल! सगळ्यांच्या त्याच बादलीतल्या पाण्यानं, आपल्या घरच्या कपड्यावर! तो कोणत्या गोळीनं निघते?”

आई माझा हात धरून म्हणाली, “मले चालता येऊन राहिलं वं, पोरी. पुडी सोडली तर पुन्हा तसंच होईन.”

होणारच होतं तसंच. पण मला कळून चुकलं, जोवर तो काळा कपडा यांच्या डोळ्यांपुढे आहे, तोवर आई पुडी सोडणार नाही. पहिल्या शनिवारी घरी आणलेल्या द्रोणात वाळून राहिलेला लेप घेऊन मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसले. प्रयोगशाळेची तशी गरजच नव्हती. लेप ओला केला तेव्हाच हळदीच्या मागे दडलेला एक तुरट वास आला, आणि मी कपाळावर हात मारला.

शनिवारी मी लॉनवर गेले. चंपतराव पहिल्या रांगेत होते. तेही ‘भरले’ होते. कापऱ्या हातांनी त्यांनी मला नमस्कार केला. त्यांच्या अंगावर उन्हाळ्यात शाल होती.

माझा नंबर आला.

“बोलो बेटा! कोणत्या वारी झालं ऑपरेशन?”

“शनिवारी,” मी दडपून सांगितलं. बायकांच्या मर्यादेसाठी गुडघ्यावर चादर असायची. लेप चादरीखाली लावायचा, कपडाही चादरीखाली अंथरायचा. मी लेप लावला. बाबांनी बादली पुढे केली. मला पाहून त्यांचा चेहरा पडला, पण भरल्या मंडपात ते काय बोलणार? गजर झाला. कपडा निघाला, काळाकुट्ट.

“केवढा गंज! बेटा, थोडा उशीर केला असता तर लोखंड विरघळून गेलं असतं!”

मी चादर काढली आणि उभी राहिले. “हा पाहा माझा गुडघा. कुठे आहे टाक्याचा वण? माझं ऑपरेशन झालेलंच नाही. हा गंज कोणाचा?”

मंडपात कुजबुज झाली. भैय्याजी एक क्षण अडखळला, पण गडी तयारीचा. “भोळी आहे बेटी! अरे, माणसाच्या रक्तातच लोह असते! सायन्स वाच!”

“वाचलंय. शिकवतेसुद्धा.” मी पिशवीतून कोहळं काढलं आणि खुर्चीवर ठेवलं. “हे आमच्या वाडीतलं कोहळं. याला रक्त नाही, गुडघा नाही, आणि शनिवारी याचं काही झालेलं नाही.” उरलेला लेप मी कोहळ्याला फासला आणि कोरा कपडा बाबांपुढे धरला. “बाबा, मी हात लावत नाही. तुम्हीच बुडवा, तुम्हीच ठेवा.”

“सेवेकरी, थांबा!” भैय्याजी ओरडला. “अपमान होतोय! कोप होईल!”

बाबा बादली धरून उभे होते. त्यांनी एकदा भैय्याजीकडे पाहिलं, एकदा आईच्या फ्लेक्सकडे. मग कपडा घेतला, बुडवला, पिळला आणि कोहळ्यावर ठेवला. या वेळी कोणी गजर केला नाही. शांततेत कपडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आधी जांभळट झाला, मग करडा, मग काळा.

“मावश्यांनो,” मी म्हटलं, “लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काय होतं?”

“काळा पडते,” मागून रंभाबाईंचा आवाज आला.

“बस, एवढंच आहे! लेपात हळदीखाली हिरड्याची पूड आहे. आवळ्यात असतो तसाच तुरटपणा हिरड्यात. आणि बादलीत हिराकस घातलाय, म्हणजे लोखंडाचं मीठ. दोन्ही भेटले की शाई होते. पूर्वी याचीच शाई करून लोक लिहायचे. दर शनिवारी लेपात हिरडा कमी करायचा, की कपडा कमी काळा. शेवटी नुसती हळद, की लोखंड ‘शुद्ध’! आणि तुमच्या गुडघ्यातला धातू गंजणारं लोखंड नाहीच मुळी. गुडघ्यात गंज नाही, जंतू आहेत. पुडीनं ते मरत नाहीत, नुसते लपतात.”

कोणीतरी शिवी हासडली. मला की भैय्याजीला, कळलं नाही. दोघे सेवेकरी माझ्या अंगावर धावून आले, तर बाबांनी बादलीच आडवी केली. त्या गोंधळात आसन कधी रिकामं झालं, कोणालाच दिसलं नाही. आम्ही त्याच दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पुड्या तपासणीला गेल्या. डॉक्टरांचा तर्क खरा निघाला. स्टेरॉइड आणि जंतुनाशक, राखेत खललेलं. भैय्याजी मात्र पोलिसांना सापडला नाही.

आईने पुडी सोडली. आणि डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. पुडी होती तोवर गुडघा चूप होता; ती सुटली तसा तो बोलू लागला. सूज परतली, बुजलेलं छिद्र पुन्हा उघडलं, थंडी वाजून ताप भरू लागला. आई उशीत तोंड खुपसून रडायची. बाबा दाराशी बसून राहायचे. त्यांना वाटायचं, एकदा पुडी देऊन चुकलो, आता ती सोडून दुसऱ्यांदा चुकतोय. या वेळच्या पाण्यात मात्र जंतू उगवले. कोणता, तेही कळलं. त्याला कोणतं औषध लागू पडतं, तेही कळलं.

“सांधा काढावा लागेल,” डॉ. दीप्ती म्हणाल्या. “हाड साफ करून मध्ये औषध मिसळलेल्या सिमेंटचा तुकडा बसवीन. काही आठवडे शिरेतून औषध. जंतू गेल्याची खात्री झाली की नवा सांधा. चालणं पहिल्यासारखं होईलच असं वचन देत नाही. हाड बरंच खाल्लं गेलंय.” मग त्या थोड्या थांबल्या. “थिएटर शनिवारी सकाळी मिळतंय. वाराचं मला माहीत आहे. सोमवारी करता येईल, पण ताप चढतोय. मी थांबले नसते.”

आम्ही सगळे बाबांकडे पाहू लागलो. ते आपल्या बोटांकडे पाहत होते. कोहळ्यावरून कपडा उचलताना लागलेला काळा डाग नखांच्या कडेला अजून होता. कितीही घासला तरी निघाला नव्हता.

“शनिवारीच करा,” ते म्हणाले. “शनिवारानं आमचं काही बिघडवलं नाही. जे बिघडवलं ते आमीच बिघडवलं.”

आईचा पाय वाचला. ती आता वॉकर धरून चालते. नव्या सांध्याची वाट पाहते आहे. चंपतरावांचा पाय वाचला नाही. मंडप उठला त्या दिवशी मुलाने त्यांना भरती केलं, तोवर विष रक्तात उतरलं होतं; मांडीपासून पाय काढला म्हणून जीव राहिला. बाबा रोज त्यांच्याकडे जाऊन बसतात. 

वाचणाऱ्यांनो, मी तुम्हाला देव सोडा म्हणत नाही. तुमचा देव तुमच्या घरी सुखात राहो. पण ज्याच्या अंगात कृत्रिम सांधा आहे त्याचा गुडघा गरम झाला, वण गळू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि ‘काय खाता’ असं त्यांनी विचारलं, तर सगळं सांगा. अंगारा सांगा, काढा सांगा, पुडी सांगा. दुखणं थांबलं म्हणजे रोग गेला असं नसतं. आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं, असंही नसतं. कोणी अंगातून काळं काढून दाखवलं, तर तेच त्याला कोहळ्यातून काढायला सांगा.

परवा कोणीतरी सांगितलं, दुसऱ्या तालुक्यात एका लग्नाच्या लॉनवर इस्त्रीच्या कुर्त्यातला एक माणूस दर शनिवारी गुडघ्यांतला गंज काढतो. फाटकावर म्हणे आईचाच फ्लेक्स आहे.

बाबांनी ते ऐकलं आणि उठून बाजारात गेले. परत आले ते हातात नवीकोरी लोखंडी कढई आणि पिशवीत आवळे घेऊन, भर दुपारी, गल्लीतून सगळ्यांना दिसेल असे. आई वॉकरवर दाराशी आली.

“आवो, आज वार कोणता हाये?”

“शनिवार,” बाबा म्हणाले, आणि कढई घरात घेऊन गेले.